वायरलेसची वायर

आमच्या तालुक्यातल्या नवेगाव खैरीच्या धरणातून पेंचचं पाणी थेट नागपूरकरांच्या नळाला पोचतं. पारशिवनीच्या आमच्या घरात मात्र समोरच्या खोलीतलं वायफाय मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाही. मध्ये आईचं लोखंडी कपाट उभं आहे. रेडिओलहरी विटांच्या भिंतीतून कशाबशा पार होतात. पत्र्यापुढे त्यांचं काही चालत नाही, आणि आईपुढे आमचं.

म्हणून नागपूरच्या सीताबर्डीवरून यूएसबीचा डोंगल आणला. नखाएवढा, पण वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही त्यातच. "लावलं का झालं, भाऊ. वायरची कटकटच खतम," दुकानदार म्हणाला. दुकानदाराच्या 'झालं'मध्ये पुढचं काहीच धरलेलं नसतं.

लावला. कॉम्प्युटरला तो ओळखूच येईना. डबीत ड्रायव्हरची छोटी सीडी होती, पण आमच्या कॉम्प्युटरचा सीडीचा ट्रे कधीचा तोंड मिटून बसलेला. त्याच्या दर्शनी पट्टीवर एक बारीक भोक असतं, त्यात सरळ केलेली पेपरक्लिप खुपसली की ट्रे बाहेर येतो. आला, पण धुळीचा असा थर घेऊन की सीडी आत जाऊन नुसती घरघरत राहिली. पुतण्या म्हणाला, "काका, ड्रायव्हर इंटरनेटवरून घ्या ना." म्हणजे इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी इंटरनेट! शेवटी त्यानेच मोबाईल चार्जिंगच्या वायरने कॉम्प्युटरला जोडला, मोबाईलचं नेट त्यातून आत सोडलं आणि ड्रायव्हर उतरवून घेतला. वायरलेसचा श्रीगणेशा वायरने झाला.

तरी नेट रांगतच होतं. आता दोष एकट्या कपाटाचा नव्हता. डोंगल खोचला होता तो यूएसबी ३च्या भोकात, शेजारच्या भोकात हार्ड डिस्क. यूएसबी ३ चालू असताना नेमक्या २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास कालवा करतं. इंटेलने २०१२ साली हे रीतसर छापून सांगितलंय. उपाय एकच, डोंगल तिथून दूर न्यायचा. कशाने? एक्स्टेन्शन वायरने. आता आमचा वायरलेस खिळ्याला वायरवर लोंबकळतो, कपाटाच्या कडेने समोरच्या खोलीकडे मान काढून.

हा २.४चा पट्टा म्हणजे तशी भरगच्च वस्तीच. आजोबांना साध्या रेडिओसाठी पोस्टात लायसन्सची फी भरावी लागायची; सरकारने २००५मध्ये हा पट्टा कमी ताकदीच्या यंत्रांना विनापरवाना मोकळा केला, आणि वायफाय, ब्लूटूथ सगळे तिथे दाटीवाटीने नांदू लागले. त्यात वहिनीने मायक्रोवेव्हमध्ये भाजी गरम करायला ठेवली की तोही त्याच पट्ट्यात गुरगुरतो. एवढ्या गर्दीत ब्लूटूथ टिकतं, कारण ते ७९ वाटांवरून सेकंदाला १६०० उड्या मारत जातं. अशा उड्यांच्या एका युक्तीचं पेटंट १९४२मध्ये हॉलिवूडची नटी हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी घेतलं होतं. पाणतीराला दिलेला रेडिओ-इशारा शत्रूने बुजवू नये म्हणून. हे मी आईला कौतुकाने सांगितलं.

"सिनेमातली बाई एवढं करून गेली, अन् तुह्याच्यानं सीडीचा डबा उघडून नाही राहिला," आई म्हणाली.

आईचं मत पालटलं ते ब्लूटूथने. मोबाईल जोडायला पडद्यावर आसपासच्या उपकरणांची यादी उघडली, तर त्यात आमच्या मोबाईलआधी अख्खी आळी हजर. कुणाचे हेडफोन, कुणाचं घड्याळ, आणि एक टीव्ही, नावातच ५५ इंच लिहिलेला. आईने चष्मा लावला.

"हा ५५वाला कोणाचा बे?"

"भिंतीपल्याडचाच असंल. हे सारं दहा-वीस पावलांतलंच दिसते."

"म्हणजे त्यायनं टीव्ही घेतला, अन् आपल्याले सांगतलंही नाही! परवा तर उसनी साखर नेली माह्याकडून."

माझ्या मोबाईलमधले फोटो कॉम्प्युटरवर अजून आलेले नाहीत. रोज दिवेलागणीला आई खुर्ची ओढून यादी उघडायला लावते. परवा यादीत एक नवा स्पीकर उगवला, तेव्हा ती लगोलग पदर सावरून उठली.

"येतो मी जाऊन. साखर वापस मागतो."