जूनमधला भैरव

स्टुटगार्ट,
डिसेंबर

ती. आई आणि ती. बाबा यांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

आई, व्हॉट्सअ‍ॅप असताना सूनबाईला पत्र लिहायची काय अवदसा आठवली, असं तुम्ही म्हणाल. कारण सरळ आहे. घरच्या ग्रुपवर लिहिलं तर तुमचे चिरंजीव वाचतात, आणि हे पत्र त्यांच्याविषयीच आहे. इथले एकजण पुढच्या आठवड्यात पुंडलिकनगरला येताहेत, गजानन महाराज मंदिराच्या मागेच त्यांचं घर आहे. त्यांच्या हाती देतेय. बाबांना वाचून दाखवा, पण गाळून.

तक्रार गाण्याची आहे. म्हणजे गाण्याबद्दल तक्रार नाही, ऐकण्याबद्दल आहे.

आपल्याकडे गाणं ऐकायला काही करावं लागत नाही. पहाटे मंदिराची काकडआरती येते, मग घंटागाडी तिचं गाणं वाजवत येते, शेजारच्यांचा रेडिओ आपल्या स्वयंपाकघरात आपोआप लागतो, आणि लग्नसराईत तर डीजे खिडकीच्या काचांसकट ऐकवतो. नळ आला की बाबांचा टू-इन-वन सुरू. ड्रम भरला की कॅसेटची एक बाजू संपली, एवढं साधं गणित. इथे भिंतीपलीकडे माणसं राहतात की नाही, हे फक्त टपालपेटीवरच्या नावांवरून कळतं. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची. रविवारी तर दिवसभर. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, गवत कापायचं यंत्र चालवायचं नाही, रिकाम्या बाटल्यासुद्धा काचेच्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. कुकरची तिसरी शिट्टी झाली की मीच पळत जाऊन गॅस बंद करते.

आता अशा देशात तुमच्या चिरंजीवांचा शास्त्रीय संगीताचा नेम कसा चालत असेल, विचार करा. ऑफिसातून येऊन, जेवून, भांडी मशीनमध्ये लावून साडेनऊला हे बैठक मारतात आणि बडा ख्याल लावतात. विलंबित आपल्या चालीनं चाललेलं असतं, स्वर एकेक करून दारातून आत येत असतात, आणि दहा वाजतात. कायद्याला घाबरणारा माणूस, लगेच बंद करतो. कित्येक महिने आमच्या घरात कुणी द्रुत ऐकलेलं नव्हतं. एकदा पिल्लूनं विचारलं, “बाबा, या काकांना एवढंच येतं का?”

त्यात रागांच्या वेळा. औरंगाबादेत, म्हणजे आता संभाजीनगरात, वर्षभरात सूर्य उगवण्यात फरक पडून पडून किती पडणार, तास-सव्वा तास. इथे डिसेंबरात सूर्य उगवतो सव्वाआठच्या सुमाराला आणि मावळतो साडेचारला. जूनमध्ये उगवतो सव्वापाचनंतर आणि मावळायला साडेनऊ वाजवतो. हे म्हणतात, मारवा आणि पूरिया हे संधिप्रकाशातच ऐकायचे, नाहीतर ऐकू नयेत. ठीक आहे. डिसेंबरात संधिप्रकाश पडतो तेव्हा हे मीटिंगमध्ये असतात. जूनमध्ये पडतो तेव्हा मारव्याला अर्धा तास मिळतो आणि मग शांतता सुरू. भैरवाची तर कीवच येते. डिसेंबरात सूर्योदयाला हे ऑफिसच्या खुर्चीत कॉफी घेऊन बसलेले, आणि जूनमध्ये सूर्योदय सहाच्या आत, म्हणजे स्पीकरवर लावलेला भैरव बेकायदेशीर. मालकंस आणि दरबारी यांना तर या देशात वर्षभर बंदीच आहे. भातखंड्यांनी रागांचे प्रहर नोंदवले तेव्हा स्टुटगार्टचा विचार केलेला दिसत नाही. मी म्हणलं, अहो, पुंडलिकनगरच्या घड्याळानं ऐका, तिकडे आत्ता रात्रीचे दोन वाजलेत, लावा मालकंस. तर म्हणतात, शास्त्राशी थट्टा नको.

उपाय म्हणून हेडफोन आणले. तो उपाय रोगापेक्षा वाईट निघाला. गाणं यांच्या कानात राहतं आणि दाद घरभर येते. आम्ही मायलेकी झोपायला पडलो की अंधारातून एकदम “अहाहाहा!” ऐकू येतं. मग बराच वेळ काही नाही. मग समेवर पलंगाच्या काठावर हात आपटतो. आपला आवाज बाहेर जातोय, हे हेडफोनमुळे त्यांना कळतही नाही.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजीबाई वर आल्या. मला वाटलं, आता पोलीस. त्या फार सभ्यपणे म्हणाल्या की, तुमच्याकडे संध्याकाळी जे गृहस्थ गातात त्यांना रोज दहाला काय होतं? मी म्हणलं, नियम आहे ना. त्या म्हणाल्या, नियम ठाऊक आहे, पण एखाद्याला अर्ध्या वाक्यात गप्प केलं की मला झोप लागत नाही. एक तर लवकर सुरू करा, नाहीतर करूच नका. आता शनिवारी आम्ही सातला जेवतो आणि आठला ख्याल सुरू होतो. पहिल्या शनिवारी द्रुत आलं तेव्हा पिल्लू सोफ्यावर उभी राहून नाचली. ते काका भीमसेनजी होते, हे बाबांना सांगा, ते खूश होतील. भीमसेनजी गुरूच्या शोधात वयाच्या अकराव्या वर्षी घरातून पळाले होते, हेही तिला यांनी सांगून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी तिनं दप्तरात केळी भरली. गुरू कोण, विचारलं तर म्हणाली, आधी पळते, मग बघते.

आता खरी गंमत सांगते. ज्या ॲपवर आम्ही गाणी ऐकतो, ते डिसेंबर आला की वर्षाचा हिशेब देतं. तुम्ही कुणाला सर्वात जास्त ऐकलंत, त्याची यादी. नगरपालिकेच्या बिलासारखं नाही, हे बरोबर असतं. तुमच्या चिरंजीवांनी जेवायला आलेल्या दोन कुटुंबांसमोर ती यादी मोठ्या टीव्हीवर लावली. आधी प्रस्तावना झाली. कुमार गंधर्वांचा क्षय, देवासची ती वर्षं, एक फुफ्फुस निकामी झाल्यावर त्यातूनच घडलेली गायकी, मग निर्गुणी भजनं. मी ही प्रस्तावना इतक्यांदा ऐकलीय की मध्येच पोळ्या लाटून परत आले तरी दुवा सुटत नाही. मग यांनी बटण दाबलं.

पहिल्या नंबरवर हत्ती. बेन्यामिन ब्ल्यूमशेन नावाचा बोलणारा हत्ती आहे, १९७७ पासून जर्मन पोरं त्याच्या गोष्टी ऐकत मोठी होतात. पिल्लूला त्याच्याशिवाय झोप येत नाही, आणि खातं यांच्या नावावर आहे. पाहुणे हसले, हेही हसले. दुसऱ्या नंबरवर प्रल्हाद शिंदे. इथे हे हसायचे थांबले. तिसऱ्यावर अजय-अतुल, चौथ्यावर कडुबाई खरात, आणि पाचव्यावर एकदाचे कुमार.

कडुबाई माझ्या. ते मी तिथल्या तिथे कबूल केलं. चिकलठाण्याची बाई एकतारी घेऊन भीमगीत म्हणते तेव्हा मागे ना ऑर्केस्ट्रा लागतो ना स्टुडिओ, आणि मला मोंढा नाक्यापासून सगळं शहर दिसायला लागतं. पैठणची असल्यामुळे मला भारूडही लागतं. नाथांच्या गावची पोर, सवय जात नाही. पण आपल्या जिल्ह्यातले निरंजन भाकरे २०२१ मध्ये करोनात गेल्यापासून त्यांचा बुरगुंडा लावला की मी पुरता ऐकत नाही. असो.

अजय-अतुल गाडीतले. ‘सैराट’चं संगीत लॉस एंजेलिसला मोठ्या सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलं होतं, हे यांनी ऑफिसातल्या प्रत्येक जर्मनाला सांगितलंय. गाडीत कुणी पाश्चात्त्य माणूस बसला की तो पुरावा लावला जातो. पुरावा ऐकताना गाडीचा वेग वाढतो, ते तेवढं तुम्ही रागावून सांगा.

राहिले प्रल्हाद शिंदे. हे म्हणाले, तूच लावतेस. मी नाही लावत. आई, स्टुटगार्टात एक पद्धत आहे, केअरवोखे म्हणतात. आठवड्याची पाळी आली की दारावर पाटी लटकते आणि इमारतीचा जिना आपण झाडून पुसायचा. तुमचे चिरंजीव तो जिना प्रल्हाद शिंद्यांवर पुसतात. बर्फ काढायचं असलं तरी शिंदे, बाथरूम घासायचं असलं तरी शिंदे. मी काही त्यांना कमी लेखत नाही. एसटी स्टँडवरच्या गोंगाटातून, ट्रॅक्टरच्या भोंग्यातून, बिघडलेल्या कर्ण्यातून तो आवाज जसाच्या तसा पार होतो. किती गवयांना जमेल? मुलगे आनंद आणि मिलिंद, नातू आदर्श, तीन पिढ्या महाराष्ट्राची लग्नं आणि वाऱ्या वाजवताहेत. फक्त पाहुण्यांसमोर कबूल करायला काय जातं? कुमारांवरचं यांचं प्रेम खोटं नाही. पण कुमार बसून ऐकायचे, आणि शिंदे उभ्याने. या देशात आम्ही बसतो कुठे? सगळी कामं आपल्यालाच. ॲप मिनिटं मोजतं, भक्ती मोजत नाही.

लीडरहाले म्हणून इथलं मोठं संगीत सभागृह आहे, तिथेही यांनी एकदा मला नेलं. ब्राम्सचा व्हायोलिन कॉन्चेर्टो होता. त्याच्या संथ भागात आधी व्हायोलिन गप्प असतं आणि ओबो नावाचं वाद्य एकटंच लांब गातं. ओबो म्हणजे दोन पात्यांचं, आपल्या सनईच्या भाऊबंदातलं. दीड-दोन हजार माणसं, खोकलासुद्धा गिळून बसलेली. आणि माझ्या शेजारून मोठ्यानं “वा!” पुढच्या तीन रांगांनी माना वळवल्या. मी कार्यक्रमपत्रिकेत तोंड घातलं. शेवटी सगळे उठून टाळ्या वाजवत होते तेव्हा हे बसलेलेच. म्हणाले, “त्या ओबोवाल्याला आत्ता सांगून काय उपयोग? जागेवर सांगायला पाहिजे.” मला त्यांचं म्हणणं पटलं, पण त्यांना सांगू नका.

आणि हो, यांच्या ऑफिसात लाहोरचा एक जण आहे, आबिदा परवीनचा भक्त. तिनं गायलेली सिराजची गझल तो रोज ऐकतो. अठराव्या शतकातला हा सिराज आमच्या गावचा, असं यांनी सांगितल्यावर त्याचा विश्वास बसेना. मग नाव पुरतं उच्चारून दाखवलं, सिराज औरंगाबादी. तेव्हापासून तो यांच्यासाठी दर शुक्रवारी बिर्याणी आणतो, जणू गझल यांनीच लिहिलीय.

बाबांसाठी दोन बातम्या. एक, इथे दर घरामागे महिन्याला १८ युरो ३६ सेंट रेडिओ-टीव्हीची वर्गणी द्यावी लागते. घरात रेडिओ असो की नसो. बाबांना आपल्याकडचा पोस्टातला रेडिओ परवाना आठवत असेल. तिथे निदान रेडिओ असावा लागायचा. रुपयांत किती होतात ते त्यांना काढू देऊ नका, जेवण जाणार नाही.

दोन, आम्ही गीतरामायण सुरू केलंय. पुणे आकाशवाणीनं १ एप्रिल १९५५ पासून जसं आठवड्याला एक गाणं दिलं, तसंच, दर रविवारी एक, हळू आवाजात. छप्पन्न गाण्यांना वर्ष पुरणार नाही. पण पिल्लूला आठवडाभर थांबणं हा अन्याय वाटतो. “पुढचा भाग तयार नाही का अजून?” असं ती दर रविवारी विचारते. माडगूळकर आणि बाबूजींनाही त्या वर्षी हाच प्रश्न दर आठवड्याला पडत असणार.

आता काम. पिल्लूकडे टोनीबॉक्स नावाचा एक गुबगुबीत चौकोनी डबा आहे. त्यावर छोटी बाहुली ठेवली की गोष्ट सुरू होते, उचलली की बंद. परवा हिनं देव्हाऱ्यातला गणपती उचलून त्यावर ठेवला आणि आरतीची वाट बघत बसली. आवाज वाढवायला डब्याचे कानही पिरगाळले. मग म्हणाली, “आई, याची बॅटरी संपली.”

तर या डब्यासाठी कोरी बाहुली मिळते, तिच्यात आपल्याला हवा तो आवाज भरता येतो. दीड तास मावतो. मी एक आणलीय. तुमच्या जात्यावरच्या ओव्या त्यात भरायच्यात. मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा. तुम्ही म्हणाल, आवाज बसलाय, आता काय गाते मी. ते चालणार नाही. मागे मिक्सर, भाजीवाला, टँकरचा हॉर्न, बाबांचं “नळ आला, नळ आला!” सगळं येऊ द्या. मुद्दाम शांत खोलीत बसून गाऊ नका, शांतता इथे आहे भरपूर.

बाबांच्या गुडघ्याला तेल लावत जा. गोळ्या चुकवू देऊ नका. बाकी क्षेम.

तुमची,
सूनबाई

ता. क.
आई, पाकिटावर पत्ता लिहायला मला सांगितलं होतं, पत्र वाचू नका असं काही सांगितलं नव्हतं. हत्तीबद्दल मी जबाबदार नाही. प्रल्हाद शिंद्यांबद्दल बाबांना विचार, आपल्या गच्चीची फरशी कुणाच्या गाण्यावर धुतली जायची. आणि माळ्यावरच्या पेटीत निळ्या शाईनं ‘दरबारी’ लिहिलेली कॅसेट आहे, ती याच माणसाबरोबर पाठवून दे. बी बाजूवर ताईच्या लग्नातली बँडची गाणी भरून ठेवलीत, ते कुणी केलं तेही मला माहीत आहे. तरी दे. ए बाजू तरी असेल.