झरीहून परदेशी : भूजलशास्त्राच्या उमेदवारांसाठी सूचना

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरी गावातून भूजलशास्त्र शिकायला परदेशी निघालेल्या उमेदवाराने विषयाचे पूर्ण नाव पारावर उच्चारू नये. ‘पाण्याचं शिकायला चाललो,’ एवढेच म्हणावे. तरी कुणीतरी विचारतेच, ‘हॉलंडला कामून? तिथं तर पाणी उपसून बाहेर फेकतेत म्हनं. त्याईला काय कळनार आपल्या बोअरचं?’ प्रश्न रास्त आहे. लिस्बन, हॉलंडमधले डेल्फ्ट आणि ड्रेस्डेन मिळून भूजलाचा एक इरॅस्मस मुंडुस अभ्यासक्रम चालवतात. त्याची शिष्यवृत्ती लागलीच, तर विचारणाऱ्याला आधी पेढा द्यावा.

अर्जासोबतच्या ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’मध्ये, म्हणजे एसओपीत, ‘लहानपणापासून मला भूजलाची ओढ होती’ असे लिहू नये. भूजलाची खरी ओढ साडेसात एचपीच्या मोटारीला असते. १९७२ चा दुष्काळ डोळ्यांनी पाहिल्यासारखा रंगवू नये. जन्मतारीख त्याच अर्जात असते. २०१६ ची मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची रेल्वे चालेल. सर्वांत उत्तम म्हणजे घरच्या रानात किती बोअर मारले आणि कितव्या फुटापर्यंत नुसता फुफाटा उडाला, ते लिहावे.

शिष्यवृत्ती हुकली आणि जर्मनी गाठायची ठरली, तर ‘ब्लॉक्ड अकाउंट’ लागते. वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरायचे; महिन्याला मिळणार ९९२. पैसे आपले, पण घाई झाली म्हणून जास्त निघत नाहीत. सातबारा गहाण ठेवून आलेल्या वडिलांना हे पटत नाही. त्यांना समजावताना रानातल्या पाण्याचा दाखला द्यावा : पावसाळ्यात जेवढे मुरले, तेवढेच वर्षभर पुरवायचे. यावर वडील विचारतील, ‘मग शेजाऱ्याच्या बोअरला ब्लॉक कोन करनार?’ हा पदव्युत्तर प्रश्न आहे. वहीत टिपून न्यावा.

वर्गात पहिल्याच आठवड्यात हेन्री डार्सी भेटतात. १८५६ साली त्यांनी वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम छापला. नियमाबद्दल तक्रार नाही. पण आपल्याकडे वाळू बांधकामाला जाते आणि पाणी साडेसहा कोटी वर्षांच्या बेसाल्टमध्ये बसते. तेही काळ्या पाषाणाच्या भेगांत, मुरमात नाहीतर मांजऱ्या खडकात. एक विहीर तुडुंब आणि बांधापलीकडची ठणठणीत, हे प्राध्यापकांना सांगताना आवाज चढवू नये.

सुट्टीत गावी आल्यावर खरी परीक्षा. तमिळनाडू पासिंगची बोअरची गाडी रानात उभी असते. २००९ च्या भूजल कायद्याने शेतीसाठी ६० मीटरच्या खाली जायला मनाई केली आहे. पण कायदा मीटरमध्ये असून गाडीचा दर फुटावर आहे, त्यामुळे दोघांची गाठ पडत नाही. शेजारी पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून चालत असतो. त्याच्याशी वाद घालू नये. नारळ अर्ध्या तासात उभा राहतो. तुम्हाला मात्र जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळ्यानंतर अशा चार वेळा विहिरीची पातळी मोजल्याशिवाय तोंड उघडता येत नाही.

‘बोअर कुठं घेऊ?’ असे काकांनी विचारलेच, तर ‘यंदा घेऊच नका’ हे उत्तर चहा पिऊन झाल्यावर द्यावे.