अर्धा 'सैराट' आणि पिठाची बाहुली

नांदूरघाटात दोन माणसांचं एका पिक्चरवर एकमत झालं, तर दोघांपैकी एकाने तो पाहिलेला नाही असं खुशाल समजावं. दोघांनीही पाहिलेला नसेल, तर ते एकमत फारच घट्ट असतं. राजकारणावरचं भांडण आमच्याकडे निवडणुकीपुरतं चालतं. निकाल लागला की ते मिटतं, नाहीतर पुढच्या निवडणुकीवर ढकलता येतं. पिक्चरवरच्या भांडणाला ती सोय नाही. त्यात सगळेच निवडून येतात.

याचं एक कारण निव्वळ आर्थिक आहे. गाव केज तालुक्यातलं, बालाघाटाच्या डोंगरांतलं. पडद्यावर पिक्चर बघायची हौस आली तर बीड गाठायचं, म्हणजे तिकिटापेक्षा पेट्रोल महाग. मोबाईलवर फुकटात बघणाऱ्याला 'ठीक आहे' म्हणणं परवडतं. पेट्रोल जाळून आलेल्याला ते परवडत नाही. त्याला एकतर 'लई भारी' म्हणावं लागतं नाहीतर 'पार बेकार'. मधलं काही म्हटलं तर घरचे विचारतात, मग गेलातच कशाला? समीक्षेच्या पुस्तकांत हे कारण सापडत नाही, कारण समीक्षकांना पास असतो.

हलक्याफुलक्या पिक्चरवर आम्ही फारसे भांडत नाही. 'झपाटलेला'तल्या तात्या विंचूबद्दल तर १९९३ पासून गावात संपूर्ण एकवाक्यता आहे. लहानपणी सगळेच त्या बाहुल्याला भ्याले आणि आता सगळेच नाही म्हणतात. भांडण पेटतं ते काळोखाच्या पिक्चरवर. ज्यात रक्त आहे, भूत आहे, किंवा शेवटी चांगली माणसं मरतात, असा पिक्चर लागला की हॉटेलातल्या बाकड्याचे दोन भाग होतात. बाकडं मुळातच मोडकं असल्यामुळे हे सोपं जातं.

'तुंबाड'चंच घ्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो आला. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. अशा मुहूर्तावर आमच्या आबांना त्यांच्या भाच्याने हा पिक्चर दाखवला. पडद्यावर पहिल्यापासून धो धो पाऊस. कोकणातला वाडा, चिखल, गळकी कौलं, आणि त्या पावसात विनायकराव खजिन्याच्या मागे. मध्यंतर व्हायच्या आतच आबांचा निकाल लागला.

"एवढा पाऊस पडायलाय अन् ही माणसं सोनं कामून हुडकायलेत? पेरायचं सोडून!"

भाचा पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, म्हणजे त्याला सगळ्या विषयांची थोडी थोडी माहिती असते. त्याने आबांना समजावलं की हा पाऊस साधा नाही. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी खऱ्या पावसासाठी पावसाळ्यामागून पावसाळे घालवले, २०१२ मध्ये सुरू झालेलं चित्रीकरण २०१५ पर्यंत रेंगाळलं, आणि मग तो पिक्चर पार व्हेनिसच्या महोत्सवात जाऊन आला. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "पावसाची वाट आमी त्याच्याहून जास्त बघितली. आमाला कुणी व्हेनिसला नेलं न्हाई."

तिथेच थांबतील तर ते आबा कसले? 'तुंबाड'मधला हस्तर हा देव सोन्याचा धनी आहे, पण अन्नाचा एक कण त्याच्या वाट्याला येत नाही. म्हणून त्याच्यापुढे पिठाची बाहुली टाकायची आणि तो त्या पिठावर तुटून पडला की त्याच्या मुद्रा पळवायच्या, असा सगळा बेत. भाच्याच्या मते हा पिक्चर माणसाच्या हावेवर आहे. आबांच्या मते तो हस्तरच्या भुकेवर आहे. "सोन्याच्या ढिगावर बसलाय, पर घासभर पीठ न्हाई. त्याच्याच घरात चोऱ्या करायलेत, अन् राक्षस म्हणायलेत त्यालाच!" माझ्या वहिनीचा आक्षेप आणखी वेगळा. बाहुली गव्हाच्या पिठाची असणार, ज्वारीच्या पिठाचा हात सुद्धा वळला नसता, मोडून पडला असता. म्हणजे ही गोष्ट गहू परवडणाऱ्या घरची आहे. या मुद्द्यावर समीक्षकांनी अद्याप काही लिहिल्याचं मला आढळलेलं नाही.

पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये 'तुंबाड' पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. तेव्हा गावात असं आढळून आलं की २०१८ मध्ये तो कुणालाच वाईट वाटलेला नव्हता. पिक्चरची एक चौकटही बदलली नव्हती, बदलली होती ती फक्त आमची साक्ष. ही परंपरा आमच्या मुलखात जुनी आहे. साखर कारखान्याच्या राजकारणावरचा 'सामना' निर्माण केला रामदास फुटाण्यांनी, ते जामखेडचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. पटकथा तेंडुलकरांची, समोरासमोर निळू फुले आणि श्रीराम लागू. आधी त्याच्याकडे लोक फिरकले नाहीत. १९७५ मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवात जाऊन आला आणि पुन्हा लागला, तेव्हा गर्दी झाली. त्यातल्या मारुती कांबळेचं काय झालं हे विचारायचं असतं, याची परवानगी आम्हाला बर्लिनहून यावी लागली.

'सैराट'ची गोष्ट निराळी. तो आला २०१६ च्या एप्रिलअखेर. त्याच महिन्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला येऊ लागली होती, आणि पाण्याखालोखाल गर्दी त्या पिक्चरलाच होती. करमाळ्याकडचं ते रान, ती विहीर, ती भाषा. आपल्या बांधावर कुणीतरी कॅमेरा लावला असं वाटायचं. तरीही गावात आजवर दोन 'सैराट' आहेत. एक अख्खा आणि एक अर्धा. अर्धा 'सैराट' पाहणाऱ्यांचा पंथ मोठा आहे. टीव्हीवर लागला की ते विहिरीतल्या उड्या बघतात, अर्चीचा ट्रॅक्टर बघतात, 'झिंगाट'ला मान डोलावतात आणि जोडपं हैदराबादच्या दिशेने निघालं की उठून जनावरांना पाणी दाखवायला जातात. त्यांच्या लेखी तो महाराष्ट्रातला सर्वोत्तम विनोदी पिक्चर आहे.

या पंथाचे प्रमुख आमचे हॉटेलवाले मामा. दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी शेवट बदलायला पाहिजे होता, हे त्यांचं ठाम मत. आमच्या सरांनी (मराठी शिकवतात, त्यामुळे त्यांच्याकडे वेळ असतो) त्यांना 'शोले'चा दाखला दिला. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार करतो, पण १९७५ चा काळ आणीबाणीचा, सेन्सॉरने हरकत घेतली आणि ऐन वेळी पोलीस आणावे लागले. सरांना म्हणायचं होतं की असा बाहेरून लादलेला शेवट कलेला मारक असतो. मामांनी नेमका उलटा अर्थ घेतला. "मंग? गब्बर बेड्या घालून गेला, कुणाचं काय बिघडलं? नागराजअण्णाला सांगायला तवाचं सेन्सॉर पायजे होतं." दुसऱ्या टोकाला बसलेल्या पोरांचं म्हणणं, शेवट होता म्हणून तर पिक्चर झाला, नाहीतर नुसतीच गाणी होती. वाद तासभर चालला. मामांची मुलगी त्या वर्षी अकरावीला गेली होती, एवढी माहिती समीक्षेत घातली की पुढचं लिहावं लागत नाही.

मला वाटतं, पिक्चरवरच्या भांडणात पिक्चर हा फक्त साक्षीदार असतो, खटला दुसराच चाललेला असतो. २०२३ च्या डिसेंबरात 'अ‍ॅनिमल' आला. बापाच्या प्रेमासाठी रक्ताचे पाट वाहवणारा पोरगा. आमच्या आळीतले एक बाप-लेक तो वेगवेगळे जाऊन बघून आले. बाप म्हणाला, पोरगं लाडानं वाया गेलं. पोरगा म्हणाला, बापाने कधी वेळच दिला नाही. पंधरा दिवस घरात याच विषयावर धुसफूस होती, आणि दोघांपैकी एकाच्याही तोंडून रणबीर कपूरचं नाव निघालं नाही.

पण मग मुळात माणूस पैसे देऊन भ्यायला, रडायला, किळस करून घ्यायला जातोच कशाला? सरांकडे याचं उत्तर तयार असतं. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले त्यात शृंगाराच्या पंगतीला भयानक आणि बीभत्स हेही बसवले. म्हणजे किळस येणं ही सुद्धा रसिकताच. आणि १९२१ मध्ये बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी 'सविकल्प समाधी' मांडली. आपण दुसऱ्याच्या सुखदुःखात शिरतो, पण आपलं आपणपण पुरतं सोडत नाही; एक पाय आत, एक पाय बाहेर, म्हणून दुःखाचाही आनंद होतो. हे ऐकून भाचा म्हणाला की म्हणजे भूत अंगावर आलं तरी घरी जायची शेवटची एसटी डोक्यात असतेच. सरांनी हे उदाहरण वर्गात वापरायचं ठरवलं.

केळकरांचं म्हणणं मला पटतं. मात्र ज्याचा दुसरा पायही आतच असतो, त्याचं काय करायचं हा प्रश्न 'लपाछपी'ने काढला. विशाल फुरियांचा हा २०१७ चा मराठी भयपट. पुढे त्यांनीच २०२१ मध्ये तो 'छोरी' नावाने हिंदीत केला. घेणेकऱ्यांपासून लपायला एक जोडपं उसाच्या फडातल्या एकाकी घरात येतं. बाई पोटुशी. सगळीकडे ऊस, वाट सापडत नाही, आणि उसातून मुलं खेळायला बोलावतात. मुंबई-पुण्याचं प्रेक्षागृह त्या उसाला भ्यालं. आमच्याकडे दसरा-दिवाळीला निम्मा मुलूख कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातो तो त्या उसातच राहायला. नवरा-बायको मिळून एक कोयता, डोक्यावर मुकादमाची उचल, आणि फडाच्या कडेला पाचटाची कोपी. अशा माणसांना उसाचं भय कसं दाखवणार? टोळीवर जाऊन आलेला एक गडी पिक्चर बघून म्हणाला, "उसाला काय भ्यायचं? एकरी किती टन पडंल तेवढं सांगा." त्याच्या मते पिक्चर बेकार होता, कारण एवढ्या वेळात कुणीच ऊस तोडायला घेतला नाही.

शेजारच्या काकूंनी तो आपल्या सुनेच्या मोबाईलवर पाहिला. त्याही वर्षानुवर्षं टोळीवर गेलेल्या. त्यांना मी विचारलं, काकू, भुताची भीती वाटली का? त्यांनी माझ्याकडे शहरातून आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "भूत दिसतं तरी, बापू. मला त्या म्हातारीचं भ्या वाटलं." म्हणजे उषा नाईकांनी केलेली तुळसाबाई, जी पोटुशीची इतकी काळजी घेते. "पोरगीच असंल म्हणून डोळ्यांत पाणी अन् हातात दुसरंच. तसल्या म्या भर उजेडात बघितल्यात." २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षांच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली निघाल्या, महाराष्ट्रात सर्वांत कमी. जनगणनेला न सापडलेल्या पोरी पिक्चरमध्ये सापडल्या, तर त्याला भयपट म्हणायचं की माहितीपट, यावर बाकड्याचे दोन भाग होणारच. पिक्चर 'पार बेकार' म्हणणाऱ्या गड्याचा आणि रात्रभर झोप न लागलेल्या काकूंचा ऊस एकच होता. फक्त एकाने त्यात टनेज बघितलं.

म्हणून मी गावापुढे एक तोडगा ठेवला. तोही भरतमुनींचाच. प्रेक्षक एकसारखे नसतात हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तरुणांना प्रेम आवडतं, म्हाताऱ्यांना पुराणकथा, शूरांना रौद्र आणि बीभत्स, असं त्यांनी लिहूनच ठेवलं आहे. शिवाय नाटकावरून वाद झालाच तर निवाड्याला 'प्राश्निक' नेमावेत, यज्ञाच्या प्रश्नाला याज्ञिक, शस्त्राच्या प्रश्नाला धनुर्धर, गाण्याच्या प्रश्नाला गवई. आमच्या गावालाही असं मंडळ हवं. पावसाच्या प्रश्नाला आबा. पिठाच्या प्रश्नाला वहिनी. रुसलेल्या पोराच्या प्रश्नाला ते बाप-लेक, वेगवेगळ्या खोल्यांत बसवून. उसाच्या प्रश्नाला काकू, फक्त त्यांची सुनावणी फड बंद झाल्यावर उन्हाळ्यात ठेवायची, आणि हॉटेलात नाही, कारण काकू हॉटेलात येत नाहीत आणि बाकड्याला वाटतं त्यांना मतच नाही.

सगळ्यांना कल्पना पसंत पडली. मामांनी मंडळाचा चहा निम्म्या दरात द्यायचं कबूल केलं. तेवढ्यात आबांनी एकच अट घातली. पिक्चर चांगला की वाईट हे सांगण्याआधी प्रत्येकाने, नेमक्या कुठल्या सीनला आपण लघवीचं निमित्त काढून उठलो, ते सांगायचं. 

अट वाजवी होती. ती ऐकून सरांना पेपर तपासायचे आठवले, भाच्याला फोन आला, मामा दूध बघायला आत गेले आणि टोळीवाल्या गड्याने सरळच सांगितलं की त्याला लघवीला लागली आहे.