अनुभवी काका

ग्रुप टूरमध्ये चौदा माणसं असोत की चाळीस, त्यात एक अनुभवी काका असतातच. टूर कंपनी त्यांचे वेगळे पैसे लावत नाही. टूर लीडर सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, कंपनीचा टी-शर्ट घातलेला, उन्हात छत्री वर धरून चालणारा मुलगा असतो. काका त्याच्या दोन पावलं पुढे चालतात, कारण ते २०११ साली येऊन गेलेत. सिंगापूर-मलेशिया-थायलंड, आठ दिवस, सगळं त्यांनी तेव्हाच पाहिलंय. आता आलेत ते काकूंना दाखवायला आणि टूर लीडरला सुधारायला.

त्यांच्या मनगटावरच्या घड्याळात मात्र भारतातलीच वेळ. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, मोबाइलने ते चांगी विमानतळावर उतरल्या उतरल्या मान्यही केलं, पण काकांनी नाही. "सहाच दिवस तर राहायचंय, कशाला काटे फिरवा?" असं म्हणून ते दर थांब्यावर ग्रुपला बातमी देतात : "आत्ता आपल्याकडे पावणेअकरा. दूधवाल्याचे पैसे द्यायचे राहिले."

दिवाळीच्या सुट्टीतली टूर म्हणजे फराळाचा डबा आला. चकली, शेव, चिवडा विमानात बसले. अनारसे मात्र दादरलाच राहिले. खसखस सिंगापूरमध्ये न्यायला बंदी आहे आणि अमली पदार्थांच्या बाबतीत तिथलं सरकार थट्टा करत नाही. हे टूर लीडरने आधीच्या मीटिंगमध्ये सांगितलं, तेव्हा काकूंचा चेहरा पडला. काका मात्र म्हणाले, "मला ठाऊक होतं." विमानात त्यांनी शेजारच्या जोडप्याला थुंकण्याचा दंड, च्युइंगगमवरची १९९२ पासूनची बंदी आणि मेट्रोत खाण्यापिण्याबद्दलचा पाचशे डॉलरचा दंड एवढं सगळं ऐकवलं. त्या जोडप्याने उतरेपर्यंत तोंडात बडीशेपसुद्धा टाकली नाही.

पहिल्या दिवशी खोल्या मिळेपर्यंत काय करायचं, हा टूर लीडरपुढचा सनातन प्रश्न. उत्तर : लिटिल इंडिया. म्हणजे जवळजवळ चार हजार किलोमीटर उडून माणूस परदेशात आला आणि दुपारी पुन्हा इंडियात उभा राहिला. काकांना यात काही खटकत नाही, उलट ते खुलतात. सेरांगून रोडवर डोक्यावर दीपावलीच्या रोषणाईच्या कमानी, कोपऱ्यावर मोगऱ्याचे गजरे, उदबत्तीचा वास. "या, या, हा सगळा आपलाच भाग," असं म्हणत ते ग्रुपला यजमानासारखे आत घेतात.

आणि तिथेच घोटाळा होतो. कॅम्पबेल लेनमध्ये हार विकणाऱ्या बाईंना ते मुंबईच्या हिंदीत विचारतात, "कैसा दिया?" बाई तमिळमध्ये काहीतरी म्हणतात. काका आवाज चढवून पुन्हा हिंदीच बोलतात. (परभाषिकाला मोठ्याने बोललेलं कळतं, हा आपल्याकडचा जुना समज.) मग बाई स्वच्छ सिंगापुरी इंग्रजीत विचारतात, "अंकल, यू फ्रॉम इंडिया आह?" लिटिल इंडियात उभं राहून हा प्रश्न ऐकायची काकांच्या मनाची तयारी नसते. इथल्या चार राजभाषांमध्ये तमिळ आहे, हिंदी नाही. इथली कित्येक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या सिंगापूरची आहेत. त्यांच्या लेखी काका म्हणजे पाहुणे, तेही घासाघीस करणारे.

नावांनीही काकांची जरा पंचाईतच होते. बफेलो रोडला एकही म्हैस नाही. शेजारच्या केरबाव रोडचा मलय भाषेत अर्थ तोच, म्हशीचा रस्ता. एके काळी इथे गुरांचा मोठा व्यापार होता, पुढे गोठे उठले आणि पाट्या राहिल्या. इथल्या मंडईचं टेक्का हे नाव चिनी बोलीतून आलेलं, बांबूच्या बेटावरून. ज्या रंगीबेरंगी घरासमोर अख्खा ग्रुप फोटो काढतो, ते १९०० साली बांधून घेतलं मिठाईचे कारखाने असलेल्या तान तेंग न्या या चिनी गृहस्थाने. काका फोटोत मधोमध उभे राहून म्हणतात, "आपल्या चेट्टिनाडकडची पद्धत आहे ही."

टेक्काच्या मंडईत काकू रमतात. शेवग्याच्या शेंगा, दुधी, कच्ची केळी, सगळं ओळखीचं. काका एका पुडीपाशी थबकतात. कढीपत्ता. किंमत लावून. ते चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचतात, मग चष्मा खाली घेऊन पुन्हा वाचतात. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कढीपत्त्याला पैसे दिले नाहीत, भाजीवाला विसरला तर परत जाऊन आणला, त्याला जगाचा हा कारभार पटायचा कसा?

हिशेब हा काकांचा खरा प्रांत. २०११ साली सिंगापूरचा डॉलर चाळिशीच्या आसपास होता. आता तो सत्तरीकडे झुकलाय, काकांसारखाच. पण काका दोन दर वापरतात : स्वतः घेताना साठाने गुणायचं, काकू घेताना सत्तराने. मुस्तफा सेंटरमध्ये या गुणाकाराची खरी कसोटी लागते. १९७१ साली कॅम्पबेल लेनमधल्या छोट्या दुकानापासून वाढत गेलेलं हे खटलं आता सय्यद अल्वी रोडवर पसरलंय, आणि त्यात नेलकटरपासून सोन्यापर्यंत सगळं मिळतं. दारावरचा माणूस हातातल्या पिशव्यांची तोंडं प्लॅस्टिकच्या पट्टीने करकचून बांधतो. काकांच्या रक्तदाबाची गोळी त्याच पिशवीत राहते. तरीही ते ग्रुपला धीर देतात : "घाई नको, हे चोवीस तास उघडं असतं. मी पहाटे तीनला येऊन बाम घेतला होता." टूर लीडर हळूच सांगतो की काका, कोविडनंतर ते बंद झालं, आता रात्री शटर पडतं. काका त्याच्याकडे असे बघतात, जणू शटर त्यानेच पाडलंय.

संध्याकाळचे सात. सगळं सिंगापूर जेवायच्या तयारीत, पण काकांच्या घड्याळात साडेचार म्हणजे चहा. टेक्काच्या फूड सेंटरमध्ये ते चहा मागतात. नुसतं 'तेह' म्हटलं की कंडेन्स्ड मिल्कचा गोड चहा येतो, आणि काकांना साखर वर्ज्य. दोन कप परत गेल्यावर टूर लीडर काउंटरवर फक्त "तेह सी कोसोंग" एवढं म्हणतो आणि बिनसाखरेचा, दुधाचा, पुण्याच्या तोडीचा चहा येतो. काका तो मंत्र काकूंकडून बोर्डिंग पासच्या मागे लिहून घेतात.

बसायला जागा नाही. एक टेबल रिकामं, पण त्यावर टिश्यू पेपरची पुडी. ग्रुपमधली एक बाई म्हणते, "कुणीतरी विसरलंय वाटतं." आणि इथे, दिवसभरात पहिल्यांदाच, काकांचा अनुभव बरोब्बर लागू पडतो. पुडीवरून हात फिरवल्यासारखं करून ते म्हणतात, "विसरलं नाही. जागा धरलीय." स्वारगेटला एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात ज्याचं तरुणपण गेलं, त्याला हे शिकवावं लागत नाही. सिंगापूरमध्ये याला 'चोप' करणं म्हणतात, हे टूर लीडर सांगतो तेव्हा काका ऐकतही नाहीत. पलीकडचं टेबल सुटताना त्यांना दिसलेलं असतं आणि खिशातला चौकड्याचा रुमाल निघालेला असतो.

चहा होतो. काका उठतात, सवयीप्रमाणे कप टेबलावरच ठेवून. शेजारच्या टेबलावरच्या आजीबाई बोटाने ट्रे परत करायच्या रॅककडे दाखवतात. २०२१ पासून फूड सेंटरमध्ये आपली भांडी आपण उचलायची, असा नियम आहे. पहिल्यांदा ताकीद, मग तीनशे डॉलर. काका क्षणभर सत्तराने गुणतात. मग मुकाट्याने स्वतःचा कप ट्रेमध्ये ठेवतात, काकूंचाही ठेवतात, सांडलेले चार थेंब टिश्यूने पुसतात आणि दोन्ही हातांत ट्रे धरून, आरतीच्या ताटासारखा सांभाळत रॅकपर्यंत जातात.

काकूंनी मोबाइल कधी बाहेर काढला, ते कुणाला कळलंच नाही. व्हिडिओ एकोणीस सेकंदांचा आहे. बस हॉटेलवर पोचेपर्यंत तो पुण्यात सुनेकडे, डोंबिवलीत नणंदेकडे आणि न्यू जर्सीत लेकीकडे गेलेला असतो. लेकीचा लगेच उलट मेसेज येतो : "आई, हे बाबाच आहेत ना?"