लोकलहोस्टचं सुख

भोकरदनला बसस्टँडजवळ माझ्या एका मित्राचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. झेरॉक्स, पॅनकार्ड, पीकविम्याचे अर्ज आणि आतल्या टेबलावर वेबसाइटी. पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारातल्या एका अडत्याची साइट त्यानं गेल्या पावसाळ्यात केली. स्वतःच्याच मशीनवर एक्सॅम्प नावाचा घरगुती सर्व्हर टाकून, वर्डप्रेसमध्ये. मिरचीचे फोटो, मराठीत माहिती, शेठचा फेट्यातला फोटो, सगळं टकाटक. पुढं जे झालं त्याचा दोष मी शेठना देतो. साइट झाली एवढ्यावर समाधान न मानता ती लोकांना दिसावी असा हट्ट त्यांनी धरला.

खरं तर १२७.०.०.१, म्हणजेच लोकलहोस्ट, याच्याइतका चांगला पत्ता जगात दुसरा नाही. हा पत्ता विचारणाऱ्या प्रत्येक संगणकाला तो परत स्वतःच्याच घरी आणून सोडतो. तिथं भाडं नाही, शेजार नाही, गिऱ्हाइकाची कटकट तर नाहीच. साइट चुटकीसरशी उघडते, कारण तिला टेबलाखालून टेबलावर एवढाच प्रवास. हॅकरला काही करायचंच असेल, तर त्याला आधी जालन्याहून एसटी धरावी लागेल.

पण शेठपुढं कुणाचं चालतंय. मित्रानं होस्टिंग घेतलं, फाइली चढवल्या, डेटाबेस चढवला आणि सेटिंगमधल्या दोन ओळींत नवा पत्ता टाकून मोकळा झाला. लेखांतल्या फोटोंचे पत्ते 'लोकलहोस्ट'चेच राहिले. रात्री शेठचा फोन आला.

"सर, फोटोच्या जागी नुसते डबे दिसून राहिलेत."

"माझ्याकडं तर एकदम ओके आहे, शेठ. तुमचं नेट स्लो असंल."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या ब्राउझरनं लोकलहोस्टवर फोटो मागितले, टेबलाखालच्या एक्सॅम्पनं ते काढून दिले. शेठच्या मोबाइलनंही लोकलहोस्टवरच मागितले, म्हणजे स्वतःच्याच पोटात हात घालून पाहिला. तिथं मिरची कुठली? उभ्या जगात एकट्यालाच साइट पूर्ण दिसावी, हा मान फार थोड्यांना मिळतो. मित्रानं तो चार दिवस भोगला.

पाचव्या दिवशी मात्र त्यानं मनावर घेतलं. डेटाबेसची फाइल नोटपॅडमध्ये उघडली आणि जुना पत्ता जिथं जिथं होता तिथं तिथं नवा, एका फटक्यात. आता वर्डप्रेसची एक खोड आहे. काही सेटिंगा ते अशा बांधून ठेवतं, की प्रत्येक मजकुराच्या आधी त्याची लांबी लिहिलेली असते: पुढं २३ अक्षरं आहेत, मोजून घ्या. नवा पत्ता निघाला २९ अक्षरांचा, चिठ्ठीवरचा आकडा २३च. चिठ्ठी आणि माल जुळेना, म्हणून वर्डप्रेसनं आख्खा गठ्ठाच नाकारला आणि थीमची सेटिंग, बाजूचे विजेट एका रात्रीत बेपत्ता झाले. इतका काटेकोरपणा मोंढ्यात कुणी दाखवला तर दुपारपर्यंत बाजार बंद पडेल. डब्ल्यूपी-सीएलआय नावाचं अवजार पत्ता बदलताना हे आकडेही दुरुस्त करतं म्हणे. मित्र त्याच्या वाटेला गेला नाही. आयतं खाणं त्याच्या रक्तात नाही.

मराठीचं तर विचारूच नका. मजकूर युनिकोडच्या आधीच्या एका फाँटात टाइप झालेला. तो फाँट मित्राच्या मशीनवर होता, म्हणून तिथं अस्सल मराठी. शेठच्या मोबाइलवर रोमन अक्षरांचा चिवडा. धंद्यातली गुपितं राखायला याहून स्वस्त सोय मी पाहिलेली नाही.

आणि भोकरदनला हा अनुभव काही नवा नाही. हे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरच्या दानलेखांत याचं नाव आहे. १९७०च्या दशकात इथं उत्खनन झालं. त्यात निघालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचं १९३८ साली इटलीत सापडलेल्या 'पॉम्पेई लक्ष्मी'शी इतकं साम्य, की तीही याच भागात घडली असावी असं काही अभ्यासक मानतात. ते खरं धरलं तर हिशोब सरळ आहे. एक प्रत लाइव्ह गेली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला, पॉम्पेईचा सर्व्हर राखेखाली गेला आणि साइट १८५९ वर्षं डाउन राहिली. दुसरी प्रत इथल्या केळना नदीच्या काठी लोकलवरच पडून होती. ना तिला कुणी स्थलांतरित केलं, ना तिच्यावर ज्वालामुखी आला.

शेठही आता निवळलेत. बाहेरगावचा व्यापारी आला की त्याला मोटारसायकलवर बसवून थेट दुकानात आणतात आणि मित्राच्या टेबलावर साइट दाखवतात. परवा नागपूरचा एक व्यापारी आणला, तर लाइट गेलेली. अर्धा तास दोघं काळ्या पडद्यासमोर चहा पीत बसले. शेवटी शेठनी डिकीतून नमुन्याची पिशवी काढली, व्यापाऱ्यानं एक मिरची मोडून वास घेतला आणि सौदा तिथंच, झेरॉक्सच्या मशीनवर, पक्का झाला.