हेपॅटायटिस ई यांस, कोल्हापूरहून

रा. रा. हेपॅटायटिस ई विषाणू यांस,
मु. पो. जिथे गटार तिथे.

स. न. वि. वि.

पाव्हणं, 2012च्या उन्हाळ्यात तुम्ही शेजारी इचलकरंजीत उतरलात. गल्लोगल्ली डोळे पिवळे झाले, दवाखाने भरले, काही माणसं घरी परतलीच नाहीत. जयंती नाल्यातून पंचगंगेत आणि पंचगंगेतून खाली, आमचंही योगदान वर्षानुवर्षं तिकडे जात होतं. पण श्रेय मागायला आम्ही गेलो नाही. खंत एवढीच की तासाभराच्या वाटेवर येऊन तुम्ही परस्पर गेलात. कोल्हापुरातनं पाहुणा तांबडा-पांढरा ओरपल्याशिवाय जात नाही, ही आमची रीत. म्हणून हे आग्रहाचं आमंत्रण.

थेट पाइपलाइनच्या बातम्या वाचून बिचकला असाल, तर बिचकू नका. काळम्मावाडी धरणातलं पाणी सुमारे 53 किलोमीटर बंद नळातून 2023च्या दिवाळीत पुईखडीला पोचलं, हे खरं. त्यासाठी कित्येक वर्षं मोर्चे निघाले, निवडणुका लढल्या गेल्या, पाणी आल्यावर गुलाल उधळला. पुईखडीला ते गाळून निवळून क्लोरीन घालून पुढं सोडतात. तिथवर तुमची डाळ शिजायची नाही. तुमचा मुलूख सुरू होतो तो त्यानंतर, पेठेतल्या बोळात, शेवटच्या पाच फुटांत.

ते पाच फूट नीट समजून घ्या. बोळ अरुंद, त्यामुळं पाण्याचा नळ आणि ड्रेनेजचा नळ एकाच चरात, एकमेकांना खेटून. मुख्य नळावरनं घरात येणारी लोखंडी पाइप गटारीतूनच येते, कारण सरळ रस्ता तोच आणि दुसरीकडून न्यायला चार फूट पाइप जास्त लागते. ती गंजते. मग केबलवाले येतात, गॅसवाले येतात, कुणाचा तरी जेसीबी येतो आणि त्याचा दात नळाला लागतो. कारंजं उडतं, पोरं नाचतात, संध्याकाळी प्लंबर सायकलची ट्यूब आवळून बांधतो, वर मुरूम पडतो. नळ कुठून गेलाय याचा नकाशा मागायचा असतो, हे खोदणाऱ्याला ठाऊक नसतं. आणि मागितला तर सापडेलच, एवढा भाबडेपणा आमच्यातही उरलेला नाही.

आता तुमच्या फायद्याची गोष्ट. आमच्याकडं पाणी ठरलेल्या वेळी येतं. चावी चालू असते तोवर नळात दाब असतो, म्हणजे गळती असली तरी पाणी आतून बाहेर जातं. पुरवठा बंद झाला की नळ रिकामा पडतो, दाब जातो आणि त्याच भोकातून गटारीचं पाणी आत शिरतं. दुसऱ्या दिवशी पहिली घागर कुणाची, यावर आमच्यात भांडणं होतात. तुम्ही त्या पहिल्या घागरीत बसा. एवढ्यानं जमलं नाही, तर आम्ही चावीला थेट मोटर जोडलेली आहेच. शेजारच्याच्या वाटणीचं पाणी ओढता ओढता ती चरातला चिखलही ओढते. कायद्यानं तिला मनाई आहे. म्हणून आम्ही ती पोत्याखाली झाकून ठेवतो.

खोदणं हा तसा आमचा जुना छंद. रंकाळासुद्धा मूळची दगडाची खण म्हणतात. फरक इतकाच की पूर्वी खोदलं की तळं व्हायचं. आता तळी बुजवायची आणि इतरत्र खोदायचं. कपिलतीर्थावर मंडई भरते, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं आणि दर पावसाळ्यात ते आपलं जुनं नाव सांगत बसतं. वाड्यांतले आड राहिले होते. काहींत आम्ही राडारोडा टाकला, काहींत मोरीचा नळ सोडला. कोकणातल्यासारखी लाल माती इथं नाही; खाली काळा कातळ, आणि कातळाला चिरा. आडात सोडलेली मोरी त्या चिरांतून कुणाच्या बोअरला भेटेल, हे तुम्हीच आम्हाला कळवा.

बोअरचं तर विचारूच नका. पाणाडी हातावर नारळ घेऊन जागा दाखवतो, रात्री गाडी लागते, पहाटे सगळा गल्लीबोळ धुळीनं पांढरा. पक्का दगड लागेपर्यंत केसिंग घालायची आणि तिच्या भोवतालची फट बुजवायची असते. पण केसिंगचे पैसे फुटावर, तेव्हा मालक म्हणतो, पुरे झालं की. ती फट म्हणजे तुमच्यासाठी वरून खाली सोडलेला जिनाच. पाणी लागलं नाही, तर भोक तसंच उघडं टाकून गाडी पुढच्या गल्लीत.

कुणी तुम्हाला कायद्याचा धाक घालेल. 1993 साली महाराष्ट्रानं पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाचा कायदा केला: सार्वजनिक उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर घ्यायची नाही. 2009चा नवा कायदा 2014पासून लागू झाला, त्यात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवरही बंधनं आली. चांगले कायदे आहेत. बोअरच्या गाडीवर पाणाड्याचा मोबाइल नंबर रंगवलेला असतो, 500चा आकडा मी तरी कुठल्या गाडीवर पाहिला नाही. जानेवारी 2025मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडं, नांदेड-किरकटवाडी भागात गुलेन-बारीची साथ आली, तेव्हा पाण्यावर संशय आला आणि सगळ्यांनी एकदम गावच्या विहिरीत डोकावून पाहिलं. तोवर ती फक्त विहीर होती.

क्लोरीनची भीती तुम्हाला दाखवणं म्हणजे पैलवानाला काकडी दाखवणं. 1955 साली दिल्लीत यमुनेचा प्रवाह बदलला, नजफगड नाल्याचं पाणी वझिराबादच्या उपशापाशी मागं सरकलं. नळवाल्यांनी क्लोरीन वाढवला. पटकी-विषमज्वराची साथ उसळली नाही, पण त्यानंतर सुमारे 29 हजार माणसांना कावीळ झाली. तुम्हाला तेव्हा नावही नव्हतं. साठवून ठेवलेली रक्तं पुढं कित्येक वर्षांनी तपासली, तेव्हा ओळख पटली. एकदा सांडपाणी आत शिरलं की वरून ओतलेलं औषध नेहमी पुरं पडत नाही, हे आपल्या देशानं जगाला शिकवलं. आम्ही तो तास बुडवला.

तरी एका बाईंपासून जपा. हातात छोटी कुपी घेऊन त्या चावीचं पाणी तपासत फिरतात, ओ.टी. टेस्ट म्हणतात तिला. क्लोरीन असला तर पाणी पिवळं होतं. पाणी पिवळं झालं नाही, की माणसं पिवळी होण्याची काळजी सुरू. बाई ते वहीत लिहून घेतात आणि वही वर पाठवतात. वर वह्या पुष्कळ आहेत.

आणि एक विचारायचं राहिलं. बाळंतपणाला माहेरी आलेल्या पोरींवर तुमचा विशेष लोभ आहे, असं डॉक्टर सांगतात. शेवटच्या तीन महिन्यांत तुम्ही गाठलंत, तर पाचांतली एखादी दगावू शकते. त्यांच्यापुरतं मागच्या दारानं यायचं टाळता येईल का? नसेल येत, तर तसं कळवा. चर बुजवायच्या आधी एकदा नळ बघून घेऊ म्हणतो.

आपला,
पहिल्या घागरीसाठी उभा असलेला एक कोल्हापूरकर

ता. क. आमच्या गल्लीत दोन म्हाताऱ्या अजून पाणी खळखळून उकळतात. सुना सिलिंडरचा हिशेब काढायला लागल्यात, तेव्हा तीही अडचण फार दिवस राहील असं वाटत नाही.