इसेला जावे, काही पाहू नये

जपानच्या मिए प्रांतातल्या इसे गावी शिंतो धर्माचे सर्वांत मानाचे देवस्थान आहे. जग त्याला 'इसे जिंगू' म्हणते. अधिकृत नाव नुसते 'जिंगू'. पुढे गावाचे नाव लावावे लागते ते इतर देवस्थानांना. लहानमोठी धरून एकूण १२५ देवळे, त्यांतली मुख्य दोन: सूर्यदेवी अमातेरासूचे 'नाइकू' आणि अन्नदेवता तोयोउकेचे 'गेकू'.

चेरीच्या मोसमात जपान करून आलेले एक तरी जोडपे हल्ली प्रत्येक सोसायटीत सापडते. टोकियो, फुजी, क्योतो एवढे त्यांचे झालेले असते. इसे राहून जाते, कारण माहितीपत्रकात छापावा असा देवाचा फोटो तिथे मिळत नाही. ज्यांना तरीही जायचे आहे, अशा जिद्दी यात्रेकरूंसाठी प्रस्तुत मार्गदर्शिका सिद्ध केली आहे. उद्दिष्ट एकच: देवीच्या दारापर्यंत जाणे आणि काहीही न पाहता, काहीही न मागता, विधिपूर्वक परतणे. वाटते तितके हे सोपे नाही. खालील सूचना क्रमाने पाळाव्यात.

सूचना १ : आधी स्वयंपाकघर

नागोयाहून खासगी रेल्वेची जलद गाडी दीड तासाच्या आत इसेशी स्थानकावर आणून सोडते. उतरल्याबरोबर बसमध्ये बसून नाइकूकडे धावू नये. पहिला मान गेकूचा, आणि ते स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. कथा अशी की, अमातेरासूने एका सम्राटाच्या स्वप्नात येऊन तक्रार केली, एकटीला जेवण जात नाही. मग तांबा प्रांतातून तोयोउकेला बोलावून घेतले. ही गोष्ट सुमारे १५०० वर्षांपूर्वीची, आणि परंपरा सांगते की तेव्हापासून गेकूत रोज सकाळ-संध्याकाळ देवांचे ताट वाढले जाते. भात, पाणी, मीठ, मासे, समुद्रशेवाळ, भाज्या, फळे आणि साके. विस्तव लाकडावर लाकूड घुसळून पेटवायचा. मातीची भांडी एकदा वापरली की फोडून मातीत मिळवायची. म्हणजे रोज दोन वेळचा स्वयंपाक आहे, पण भांडी घासणे नाही.

दोहोंपैकी एकच देऊळ करून परतणे याला 'काता-माइरी' म्हणतात आणि ते चांगले समजत नाहीत. 'वेळ नव्हता' ही सबब देवस्थानाने यापूर्वी पुष्कळदा ऐकलेली आहे.

सूचना २ : रस्त्याच्या मधून चालू नये

तोरीच्या, म्हणजे लाकडी कमानीच्या अलीकडे थांबून कमरेत थोडे वाकावे आणि मग आत शिरावे. वाटेचा मध्य देवांसाठी राखलेला असतो. गेकूत डाव्या बाजूने चालावे, नाइकूत उजव्या. ज्यांनी आयुष्यभर दुभाजकाच्या दोन्ही बाजूंनी समान हक्काने वाहतूक केली आहे, त्यांनी हा भाग घरी गॅलरीत करून पाहावा.

नाइकूला जाताना इसुझू नदीवरचा उजी पूल लागतो. लांबी सुमारे १०० मीटर, सबंध लाकडाचा, आणि दर वीस वर्षांनी नवा. सध्याचा २००९ सालचा आहे. त्याच्या दोन्ही टोकांना ज्या कमानी आहेत, त्या दर वीस वर्षांनी उतरवल्या जाणाऱ्या मुख्य देवळांच्या आढ्याखालच्या खांबांतून घडवलेल्या आहेत. वीस वर्षे देवळात आणि वीस वर्षे पुलावर उभे राहूनही या लाकडांना निवृत्ती मिळत नाही. पुढे ती कुवाना आणि सेकी या जुन्या महामार्गावरच्या गावांत कमान होऊन पुन्हा उभी राहतात. पेन्शनचा विषय इथे काढू नये.

सूचना ३ : हात धुण्याचा अभ्यासक्रम

पाण्याच्या कुंडाशी लांब दांड्याचे पळे ठेवलेले असतात. एक पळा पाणी घ्यावे. संपूर्ण विधी एवढ्यातच बसवायचा असतो. उजव्या हातात पळा धरून डावा हात धुवावा. मग पळा डाव्या हातात, धुवायचा उजवा. पुन्हा पळा उजव्यात, डाव्या ओंजळीत थोडे पाणी, त्याने तोंड विसळावे. पळ्याला ओठ लावू नये. तोंड लागलेला डावा हात पुन्हा धुवावा. शेवटी पळा उभा धरावा, म्हणजे उरलेले पाणी दांड्यावरून ओघळते आणि पुढच्या माणसासाठी दांडा स्वच्छ होतो. पाणी तिसऱ्या पायरीलाच संपले तर चेहऱ्यावर काही दाखवू नये.

नाइकूत याला पर्याय आहे. पाचव्या शोगुनच्या, म्हणजे लष्करी शासकाच्या, आईने १६९२ साली इसुझू नदीला दगडी घाट बांधून दिला, असे सांगतात. तिथे उकिडवे बसून नदीतच हात धुता येतात. पाणी नितळ असते. त्यात नाणी टाकू नयेत; स्नान तर नाहीच.

सूचना ४ : चपला राहू द्याव्यात

मराठी यात्रेकरू कमान दिसताच सवयीने चपला ठेवायची जागा शोधू लागतो. शोधू नये. इथे वाट जाड खड्यांची आहे आणि ती पादत्राणांसह चालायची. शेकडो लोक चालताना त्या खड्यांचा करकर आवाज होतो. घंटा नसल्यामुळे कानाला तेवढाच आधार. घरी सुतक असेल तर मात्र यात्रा पुढे ढकलावी. तो नियम इथेही आहे, आणि तो कोणाला समजावून सांगावा लागणार नाही.

डोक्यावर केस असणे आता आवश्यक नाही. पूर्वी होते. बौद्ध भिक्षूंना मुख्य देवळाजवळ येऊ देत नसत आणि मुंडण केलेला प्रत्येक जण भिक्षूच धरला जाई. १६८४ साली कवी बाशो इथे आला. तो भिक्षू नव्हता, पण डोके भादरलेले होते, त्यामुळे जपानच्या सर्वश्रेष्ठ हायकूकाराला दुरूनच नमस्कार करावा लागला. काही भिक्षू टोप लावून आत जात. हल्ली टक्कलधारकांना सरसकट प्रवेश आहे.

सूचना ५ : 'मंदिर किती जुने?' असे विचारू नये

विचारल्यास उत्तर मिळेल: १३०० वर्षे. आणि २०१३ सालचे. दोन्ही खरे आहे. देवळाशेजारी तेवढाच एक मोकळा भूखंड आहे. दर वीस वर्षांनी त्यावर हुबेहूब तसेच देऊळ उभारतात, देवीला तिकडे नेतात आणि जुने उतरवतात. जमिनीपासून उचललेले, गवताने शाकारलेले, रंग न दिलेल्या हिनोकी लाकडाचे. पहिला सोहळा सम्राज्ञी जितोच्या काळात, ६९० साली. मधल्या यादवीत शंभराहून जास्त वर्षे खंड पडला, तेवढा सोडला तर क्रम चालू राहिला आणि २०१३ साली बासष्टावी खेप झाली. खर्च सुमारे ५,५०० कोटी येन. देऊळच काय, देवीची वस्त्रे, शस्त्रे, विणकामाची साधने मिळून दीड हजारांहून अधिक वस्तूही नव्याने घडवतात. वीसच वर्षे का, यावर मते पुष्कळ आहेत. एक पटण्यासारखे आहे: विशीत हाताखाली शिकणारा सुतार चाळिशीत काम अंगावर घेतो आणि साठीत नवख्यांच्या चुका काढतो. कसब कागदावर उतरवत बसण्यापेक्षा देऊळ पाडून बांधणे त्यांना खात्रीचे वाटले.

पुनर्विकासाच्या फायली सांभाळून असलेल्या वाचकांनी इथे एक गोष्ट टिपावी. जुनी इमारत उतरवण्यापूर्वी नवी बांधून तयार असते.

स्थलांतराच्या रात्री सगळे दिवे मालवतात. एक पुजारी कोंबड्यासारखा तीनदा आरवतो. गुहेत रुसून बसलेल्या अमातेरासूला बाहेर काढताना कोंबडे आरवले होते, त्याची ही आठवण. मग पांढऱ्या रेशमी कापडाच्या आडोशात देवीला नव्या घरी नेतात. निमंत्रित पाहुणे अंधारात बसून हा सोहळा न पाहतात.

सूचना ६ : प्रत्यक्ष दर्शन (न घेण्याची पद्धत)

इथे खरी कसोटी आहे. पंढरीला पायावर डोके ठेवून आलेल्या माणसाने मन घट्ट करावे. नाइकूच्या दगडी पायऱ्यांच्या खालीच कॅमेरा बंद करावा. वर फोटोला सक्त मनाई. वर गेल्यावर एक कुंपण आणि त्यात दार. दारात पांढरा पडदा. त्याच्यामागे आणखी कुंपणे, मिळून चार. त्यांच्या आत देऊळ, देवळात पेटी, पेटीत देवीचे प्रतीक म्हणून आरसा. आरसा ही मुळात बघण्याचीच वस्तू. तो कोणी बघत नाही.

पडद्यासमोर दोनदा कमरेतून वाकावे, दोन टाळ्या वाजवाव्यात, हात जोडावेत, पुन्हा एकदा वाकावे. इझुमोच्या देवळात चार टाळ्या असतात. तिथून आलेल्यांनी दोन वाटेत सोडाव्यात. दानपेटी नाही. लोक नाणी टाकतातच म्हणून पांढरे कापड अंथरलेले असते. वाऱ्याने पडदा हलला तर देवीने स्वागत केले असे भाविक मानतात. त्या क्षणी मान वाकडी करून आत डोकावण्याचा मोह होतो. डोकावून दिसते ते दुसरे दार.

देणगीदारांना औपचारिक पोशाखात एक कुंपण ओलांडून आत नमस्कार करता येतो. पुरुषांना सूट आणि टाय. तिथून पडदा दिसत नाही, कारण तो मागे गेलेला असतो.

सूचना ७ : मागणे

मुख्य देवळात वैयक्तिक काही मागू नये, आभार मानावेत असा रिवाज आहे. पूर्वी इथे नैवेद्य अर्पण करण्याचा अधिकार फक्त सम्राटाला होता. गंमत म्हणजे मेइजी सम्राट १८६९ साली येईपर्यंत हजारभर वर्षे गादीवरचा कोणी सम्राट स्वतः इथे पूजेला आलाच नव्हता. अमेरिकेतल्या मुलाचे ग्रीन कार्ड, पुतण्याचे लग्न, गुडघा वगैरे विषय जवळच्या आरामात्सुरी-नो-मिया या देवळात मांडावेत. तिथे अमातेरासूचे उग्र, कर्तबगार रूप आहे. भविष्याच्या चिठ्ठ्या इतर देवळांत मिळतात, इथे नाहीत. इसेला पोचलात तो दिवस शुभच, मग चिठ्ठी कशाला, असे कारण देतात.

सूचना ८ : परतीचा मार्ग

पुलाबाहेरच्या बाजारपेठेत आल्यावर मात्र सर्व इंद्रियांना मुभा आहे. १७०७ पासून चालत आलेल्या दुकानातला 'आकाफुकू' खावा. मऊ मोचीवर, म्हणजे तांदळाच्या चिकट गोळ्यावर, लाल कडधान्याचे गोड पुरण, त्यावर बोटांनी उठवलेल्या तीन वळ्या. त्या इसुझूच्या लाटा समजायच्या. इसेचे उदोन, म्हणजे गव्हाच्या शेवया, जाडजूड आणि तासभर शिजवलेले असते. दात कमी असलेल्यांची यात्रा इथे सुफळ होते.

ज्यांना आता एवढे सगळे जमणार नाही असे वाटत असेल, त्यांच्यासाठी जुनी सोय सांगून ठेवतो. १८३० साली काही महिन्यांत चाळीस लाखांच्या आसपास लोक इसेला लोटले होते. त्या काळात ज्यांना घर सोडता येत नसे ते आपल्या कुत्र्याला पाठवत. गळ्यात पैशांची पिशवी बांधत आणि वाटेतले लोक त्याला खाऊ घालून पुढे लावून देत. चित्रकार हिरोशिगेने इसेच्या यात्रेकरूंमध्ये असा कुत्रा रंगवला आहे. हल्ली मात्र पाळीव प्राण्यांना आत सोडत नाहीत, त्यामुळे स्वतःच जावे लागेल.

पुढचे नवे देऊळ २०३३ साली होईल, विधी २०२५ पासून सुरू झाले आहेत. जुने पाहायचे की नवे, याचा निर्णय त्याआधी घ्यावा. दिसायचा पडदाच आहे. देवस्थान पहाटे पाच वाजता उघडते. प्रवेशशुल्क नाही, तेव्हा काही दिसले नाही म्हणून पैसे परत मागण्याचा प्रश्नच येत नाही.